गूगल बिझनेस प्रोफाइल : स्वतःच्या नावावर चालणाऱ्या लहान व्यवसायाच्या दृष्टीने परीक्षण

लहान व्यवसायात मालक आणि व्यवसाय यांच्यात फारसे अंतर नसते. सायकल दुरुस्त करणारा कारागीर, घरी येऊन उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट, करसल्लागार, छायाचित्रकार किंवा कपडे शिवून देणारी शिवणकार यांच्याकडे येणारा ग्राहक त्या व्यक्तीचे नाव ऐकून आलेला असतो आणि काम बिघडले तर नावे ठेवतो तीही त्या व्यक्तीलाच. अशा व्यावसायिकाने स्वतःचा ब्रँड उभा करावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि त्यापाठोपाठ बोधचिन्ह, रंगसंगती, रोजच्या पोस्ट आणि छोटे व्हिडिओ अशी भली मोठी यादी हातात ठेवली जाते. या यादीतील कोणत्याही गोष्टीच्या आधी ज्याकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, ते साधन म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. गूगलच्या शोधात किंवा नकाशावर एखाद्या व्यवसायाचे नाव घातले की नाव, वेळा, फोन, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय दाखवणारी जी चौकट समोर येते, ती या प्रोफाइलची. ते मोफत आहे, त्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ असावे लागत नाही आणि तांत्रिक ज्ञानही फारसे लागत नाही.

या परीक्षणापुरता प्रश्न एकच आहे. एखाद्या माणसाने वर्षानुवर्षे चोख काम करून जे नाव कमावले, ते त्याला कधीही न भेटलेल्या ग्राहकापर्यंत हे साधन जसेच्या तसे पोहोचवते का? माझे उत्तर होकारार्थी आहे. ग्राहकाला प्रत्यक्ष भेटून काम करणाऱ्या व्यावसायिकासाठी मोफत साधनांमध्ये याच्या तोडीचे दुसरे मला दिसत नाही, आणि त्याचे कारण असे की येथे मालकाला स्वतःविषयी बोलायला जागा कमी आहे, तर त्याच्या ग्राहकांना भरपूर. मात्र आपल्या नावाचे एकमेव घर म्हणून त्यावर विसंबू नये, असेही माझे तितकेच ठाम मत आहे आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. व्यवसायांची माहिती नकाशावर आणण्याची गूगलची ही सोय २००५ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलेली आहे. २०१० मध्ये तिला गूगल प्लेसेस हे नाव मिळाले, जून २०१४ मध्ये ती गूगल माय बिझनेस झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. पुढच्याच वर्षी तिचे स्वतंत्र मोबाइल ॲप बंद झाले आणि प्रोफाइलची देखभाल थेट गूगलच्या शोधातून व नकाशातून होऊ लागली. जुन्या वापरकर्त्यांना हा बदल गैरसोयीचा वाटू शकतो, पण मला त्यात एक चांगली बाजू दिसते. मालकाने आपल्या खात्यातून स्वतःच्या व्यवसायाचे नाव शोधले की दुरुस्तीची बटणे त्याला शोधाच्या निकालातच मिळतात, त्यामुळे ग्राहकाला काय दिसते ते पाहिल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही. स्वतःच्या नावाची काळजी घेणाऱ्याला ही सक्ती उपकारक आहे.

व्यक्तिगत ब्रँडच्या दृष्टीने पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा नावाचा आहे. व्यवसायाची पाटी, छापील कागदपत्रे आणि ग्राहकांच्या तोंडी जे नाव आहे तेच प्रोफाइलवर असावे, असा गूगलचा स्पष्ट नियम आहे. नावापुढे सेवांची जंत्री, परिसराचे नाव किंवा घोषवाक्य जोडण्यास मनाई आहे. तरीही शोधात वर येण्याच्या आशेने ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’, ‘तातडीची सेवा’ असे शब्द नावात कोंबलेली प्रोफाइले दिसतात. असे नाव नियमभंग म्हणून हटवले जाऊ शकते किंवा संपूर्ण प्रोफाइल स्थगित होऊ शकते, ही जोखीम तर आहेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की ते नाव कोणी कोणाला सांगू शकत नाही. शिफारस तोंडी होते, आणि तोंडी सांगता येईल असे नाव दोन-तीन शब्दांचेच असते. पाटीवर, फोनवर, पावतीवर आणि प्रोफाइलवर एकच नाव, एकाच लेखनपद्धतीने असले की ऐकलेले नाव शोधणाऱ्याला आपण योग्य माणसापर्यंत आलो, याची खात्री पटते.

व्यावसायिकाचे स्वतःचे नाव या चौकटीत कसे बसवावे, याविषयी गूगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक तरतूद आहे, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. डॉक्टर, दंतवैद्य, वकील, आर्थिक नियोजक, विमा किंवा मालमत्तेचे सल्लागार अशा, ज्यांना ग्राहक व्यक्ती म्हणून ओळखतो त्या व्यावसायिकांना, ते ठरलेल्या वेळेत त्या ठिकाणी थेट भेटू शकत असतील तर, स्वतःच्या नावाचे वेगळे प्रोफाइल ठेवता येते. एकाच संस्थेत असे अनेक जण असतील तर संस्थेचे एक आणि प्रत्येकाचे एक, अशी रचना मान्य आहे. त्या संस्थेच्या नावाने त्या ठिकाणी एकच व्यावसायिक काम करत असेल तर मात्र दोन वेगळी प्रोफाइले करू नयेत. आधी संस्थेचे नाव, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि त्यापुढे व्यक्तीचे नाव, अशा पद्धतीने एकच सामाईक प्रोफाइल ठेवावे, अशी सूचना आहे.

ही तरतूद मला अतिशय महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या चिकित्सालयात काम करणाऱ्या तरुण दंतवैद्याला स्वतःचे नाव उभे करण्याची रीतसर वाट तिच्यामुळे मिळते आणि त्याच्याविषयी लिहिलेले अभिप्राय संस्थेच्या गर्दीत हरवून न जाता त्याच्या नावाखाली साठत जातात. याउलट एकट्याने व्यवसाय करणारा उत्साहाच्या भरात एक प्रोफाइल स्वतःच्या नावाने आणि दुसरे दुकानाच्या नावाने उघडतो, तेव्हा त्याचे अभिप्राय दोन ठिकाणी विभागले जातात आणि दोन्हीकडे तो प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा लहान दिसतो. एकट्याने काम करणाऱ्यांनी हा मोह टाळावा.

घरातून काम करणाऱ्यांना पत्ता जाहीर करण्याचा संकोच असतो आणि तो रास्त आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. ग्राहकाकडे जाऊन सेवा देणारा व्यवसाय असेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. असे २० परिसर नोंदवण्याची मुभा आहे आणि व्यवसायाच्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या वाहनप्रवासात मावेल इतकाच एकूण विस्तार ठेवावा, अशी अपेक्षा असते. येथे मनाला मुरड घालणे हिताचे आहे. खरोखर जिथे जाणार त्याच परिसरांची नोंद केली तर येणारा प्रत्येक फोन कामाचा ठरतो. नकाशाभर हातपाय पसरलेल्या व्यावसायिकाला मात्र नकार देण्यातच वेळ घालवावा लागतो, आणि नकार ऐकलेला ग्राहक पुन्हा फोन करेलच असे नाही.

केवळ इंटरनेटवरून चालणाऱ्या, ग्राहकाला प्रत्यक्ष कधीही न भेटणाऱ्या व्यवसायांना मात्र हे प्रोफाइल मिळत नाही. घरबसल्या भाषांतर करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे, डिजिटल वस्तू विकणारे यांना ठरलेल्या वेळेत समोरासमोर भेटीची अट पूर्ण करता येत नाही. त्यांच्यासाठी या परीक्षणातील अभिप्राय आणि छायाचित्रे यांविषयीचा भाग उपयोगाचा ठरेल, पण साधन दुसरे शोधावे लागेल.

नोंदणीनंतर पडताळणी होते. व्यवसायाच्या प्रकारानुसार ती फोन, ईमेल, टपालाने येणारे पत्र किंवा व्हिडिओ यांपैकी ज्या मार्गाने होईल तो मार्ग गूगल ठरवते. आपल्याला निवडीचे स्वातंत्र्य थोडेच असते. व्हिडिओ मागितला गेल्यास तो सलग, न कापता काढावा लागतो आणि त्यात जागा, कामाची साधने किंवा पाटी आणि आपण खरोखर या व्यवसायाचे चालक आहोत याचा पुरावा दाखवावा लागतो. ही प्रक्रिया कंटाळवाणी आहे, पण आपल्या नावाने दुसऱ्याच कोणी प्रोफाइल उघडू नये, असे वाटत असेल तर ती असलीच पाहिजे.

व्यवसायाच्या वर्णनासाठी ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात दुवे देता येत नाहीत, सवलतींची जाहिरातही करता येत नाही. ही मर्यादा मला आवडते, कारण मोघम बोलण्याला ती आळा घालू शकते. घालतेच असे मात्र नाही. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ किंवा ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ ही वाक्ये कोणत्याही व्यवसायाच्या वर्णनात खपून जातात, म्हणून ती कोणाचीच ओळख पटवत नाहीत. ‘जुनी शिलाई यंत्रे दुरुस्त करतो, नवी विकत नाही, सुटा भाग मिळत नसेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगतो’ या वाक्यात मात्र एक माणूस दिसतो. काय करतो, कोणासाठी करतो आणि काय करत नाही, या तीन गोष्टी आल्या की वर्णन पुरे झाले. त्यांपैकी तिसरी सर्वांत जास्त विश्वास निर्माण करते, कारण आपल्या मर्यादा उघड सांगणारा माणूस बाकीचेही खरेच सांगत असणार, असे वाचणाऱ्याला वाटते. कामाचा मुख्य प्रकार एकच निवडता येतो आणि त्याच्या जोडीला आणखी ९ प्रकार नोंदवता येतात. सगळे भरलेच पाहिजेत असा नियम नाही आणि न भरणेच बहुतेकांना शोभते.

आता या साधनाच्या गाभ्याकडे, म्हणजे अभिप्रायांकडे वळू. बहुतेक लोक त्यांना रिव्ह्यू म्हणतात आणि एक ते पाच ताऱ्यांच्या सरासरीपलीकडे त्यांचा विचार करत नाहीत. माझ्या मते व्यक्तिगत ब्रँड प्रत्यक्षात येथेच घडतो, आणि मालकाच्या हातात फार थोडे असल्यामुळेच तो येथे विश्वासार्हपणे घडतो. मालक स्वतःविषयीचा अभिप्राय पुसू शकत नाही. धोरणाचे उल्लंघन करणारा मजकूर असेल तर तो तक्रार नोंदवू शकतो, पण केवळ नावडता आहे म्हणून कोणताही अभिप्राय हटत नाही. पैसे, सवलत किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय मिळवण्यास मनाई आहे. मालकाने किंवा त्याच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्याच व्यवसायाचे कौतुक लिहिणेही नियमात बसत नाही. फक्त खूश असलेल्या ग्राहकांना गाठून त्यांच्याकडूनच अभिप्राय घेणे आणि नाराज ग्राहकाला लिहिण्यापासून परावृत्त करणे, हेही धोरणाविरुद्ध आहे. नियम सर्वत्र पाळले जातात असे नाही. विकत घेतलेली, एकाच साच्यातली स्तुती अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तरीही सरळ मार्गाने चालणाऱ्याच्या बाजूने हे नियम उभे आहेत आणि म्हणून त्यांचे स्वागत केले पाहिजे.

अभिप्राय मागण्यात कमीपणा नाही. त्यासाठी प्रोफाइलमधूनच एक दुवा आणि क्यूआर कोड मिळतो. तो काम संपल्याबरोबर, सरसकट सर्व ग्राहकांना द्यावा. मागताना ‘पाच तारे द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘तुमचे काय काम होते आणि ते कसे झाले ते दोन ओळींत लिहाल का?’ असे विचारले तर मिळणारा मजकूर पूर्णपणे वेगळा असतो. ‘खूप छान सेवा’ या शब्दांतून नव्या ग्राहकाला काहीच कळत नाही. ‘लग्नाच्या आदल्या दिवशी पोशाख सैल करून हवा होता, त्यांनी थांबून करून दिला आणि जमणार नाही असा भाग आधीच सांगितला’ या एका अभिप्रायातून त्या शिवणकाराचा स्वभाव, कौशल्य आणि प्रामाणिकपणा तिन्ही उभे राहतात. इतके चांगले वाक्य तिने स्वतःविषयी लिहिले असते, तर त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

अभिप्रायाला मालक एक जाहीर उत्तर देऊ शकतो आणि नंतर ते बदलूही शकतो. उत्तर आल्याची सूचना अभिप्राय लिहिणाऱ्याला मिळते आणि त्याला वाटल्यास तोही आपला मजकूर सुधारू शकतो. या उत्तरांचा वाचक म्हणजे केवळ तक्रार करणारा ग्राहक नव्हे. पुढे येणारा, अजून निर्णय न घेतलेला प्रत्येक जण ती वाचणार असतो, हे लक्षात ठेवून लिहिले तर सूर आपोआप बदलतो. समजा, सायकल वेळेवर मिळाली नाही अशी तक्रार आली आहे. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आमच्याशी संपर्क साधा’ हे उत्तर सभ्य असले तरी त्यातून कोणताही माणूस बोलत नाही. ‘सायकल शुक्रवारी देतो असे मी म्हटले होते आणि ती सोमवारी दिली. मागच्या चाकाचा सुटा भाग यायला उशीर झाला, पण तो उशीर मी शुक्रवारीच फोन करून कळवायला हवा होता. आता उशीर होणार असे दिसले की त्याच दिवशी कळवतो.’ या उत्तरात काय घडले, जबाबदारी कोणाची आणि पुढे काय होणार, हे सगळे आहे. उत्तर प्रोफाइलवर व्यवसायाच्या नावाने दिसते, म्हणून शेवटी स्वतःचे नाव लिहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. दुकान उत्तर देत नाही, माणूस देतो, आणि जबाबदारी घेणारे नाव वाचणाऱ्याच्या लक्षात राहते.

अन्यायकारक अभिप्रायाला उत्तर देणे सर्वांत कठीण असते. आपली बाजू खरी असते, पुरावेही असतात आणि रागही असतो. तेथे एकदाच, थोडक्यात आणि घटनेपुरते लिहावे. ग्राहकाचा हेतू काय असेल याचा तर्क करू नये, त्याने पूर्वी कुठे काय लिहिले ते उकरून काढू नये आणि उत्तर त्याच दिवशी लिहिलेच पाहिजे असेही मानू नये. डॉक्टर, समुपदेशक, वकील आणि करसल्लागार यांनी आणखी एक पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे. अभिप्राय लिहिणाऱ्याने स्वतःच सगळे उघड केले असले, तरी उत्तरात त्याच्या आजाराचा, दाव्याचा किंवा उत्पन्नाचा उल्लेख होता कामा नये. तो आपला ग्राहक आहे याला दुजोरा देणेही अनेकदा गोपनीयतेचा भंग ठरू शकते. स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी ग्राहकाचे गुपित फोडणारा सल्लागार तो वाद जिंकेलही, पण ते वाचणारा पुढचा माणूस आपले गुपित त्याच्याकडे घेऊन जाणार नाही.

प्रत्येक कौतुकाखाली ‘धन्यवाद, पुन्हा अवश्य या’ हे एकच वाक्य चिकटवलेली प्रोफाइले पाहिली की वाईट वाटते, कारण ग्राहकाने वेळ काढून लिहिलेले असते. सर्वांना उत्तर देणे शक्य नसेल तर ज्यांनी तपशिलाने लिहिले आहे त्यांना तपशिलाने उत्तर द्यावे, तेवढे पुरते. आणि सगळेच अभिप्राय पाच ताऱ्यांचे नसतील तर त्याचा धसका घेऊ नये. दोन-तीन नाराज अभिप्राय आणि त्यांखालची शांत, मुद्देसूद उत्तरे यांनी त्या माणसाविषयी जे कळते, ते निव्वळ स्तुतीतून कधीही कळत नाही. अडचणीच्या वेळी हा माणूस कसा वागेल, हाच लहान व्यावसायिकाकडे जाणाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न असतो.

छायाचित्रांच्या बाबतीत तांत्रिक अटी सोप्या आहेत: जेपीजी किंवा पीएनजी स्वरूप, १० केबी ते ५ एमबी आकार आणि शक्यतो ७२० गुणिले ७२० पिक्सेल. चित्र स्पष्ट, पुरेशा उजेडातले आणि वास्तव दाखवणारे असावे, त्यावर भडक फिल्टर नसावेत, अशीही अपेक्षा आहे. माझ्या दृष्टीने यातील ‘वास्तव’ हा भाग निर्णायक आहे. तयार संग्रहातून घेतलेले हसऱ्या चेहऱ्यांचे चित्र लावणारा व्यावसायिक स्वतःच्या प्रोफाइलवर अनोळखी माणसे आणून बसवतो. त्याऐवजी काम करत असतानाचा स्वतःचा चेहरा, हात आणि साधने, कामापूर्वीची आणि कामानंतरची वस्तू, दाराबाहेरून दिसणारी पाटी एवढी चार-पाच चित्रे असली तरी ग्राहक पहिल्या भेटीत ओळखीच्या माणसाकडे आल्यासारखा येतो. ग्राहकही आपापली चित्रे टाकू शकतात आणि मालकाला ती काढून टाकता येत नाहीत. मालकाची चित्रे आणि ग्राहकांची चित्रे यांत मोठी तफावत असेल तर वाचणारा कोणावर विश्वास ठेवेल, हे सांगायला नको.

पोस्ट लिहिण्याची सोय १,५०० अक्षरांपर्यंत आहे. ती मला या साधनातील सर्वांत दुबळी बाजू वाटते, कारण येथे येणारा माणूस शोधायला आलेला असतो, वाचत बसायला नव्हे. नवी सेवा सुरू झाली किंवा जागा बदलली तर जरूर लिहावे. रोजच्या सुविचारांची येथे गरज नाही.

वेळांकडे मात्र सर्वांनी अधिक गांभीर्याने पाहावे. सुटीच्या दिवसांसाठी विशेष वेळा आधीच नोंदवता येतात आणि त्या नोंदवण्यास फार श्रम पडत नाहीत. प्रोफाइलवर ‘उघडे आहे’ असे वाचून आलेल्या ग्राहकाला बंद दार दिसले, तर सुंदर बोधचिन्ह आणि नेटके वर्णन दोन्ही व्यर्थ जातात, कारण ज्या माणसाचा शब्द म्हणून त्याने ती वेळ वाचली तो शब्द मोडलेला असतो. यात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. प्रोफाइलमधील माहितीत बदल सुचवण्याची मुभा सर्वसामान्य वापरकर्त्यांनाही असते आणि इतर स्रोतांच्या आधारे गूगलही माहिती बदलू शकते. मालकाला त्याची सूचना मिळते, पण ती पाहिली नाही तर चुकीची वेळ किंवा जुना फोन तसाच राहू शकतो. म्हणून अधूनमधून स्वतःचे प्रोफाइल ग्राहकाच्या नजरेने वाचून काढण्याची सवय ठेवावी.

शोधात वरचा क्रमांक मिळवून देण्याची हमी देणारे अनेक जण लहान व्यावसायिकांना गाठतात. स्थानिक निकालांचा क्रम प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगलने स्वतः सांगितले आहे: शोधलेल्या गोष्टीशी व्यवसायाचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाचा लौकिक. पैसे देऊन हा क्रम वाढवता येत नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. अंतर कोणालाच बदलता येत नाही. संबंध योग्य प्रकार आणि योग्य वर्णन यांनी स्पष्ट होतो. आणि लौकिक कामातून, अभिप्रायांतून व इतरत्र होणाऱ्या उल्लेखांतून हळूहळू वाढतो. हमी देणाऱ्याला यांपैकी कशाचीही हमी देता येत नाही.

याच संदर्भात, प्रोफाइलमध्ये मिळणाऱ्या आकडेवारीचा एक उपयोग मी विशेष महत्त्वाचा मानतो. किती जणांनी प्रोफाइल पाहिले, किती जणांनी फोन केला, किती जणांनी मार्ग विचारला, हे तेथे दिसतेच. त्याबरोबर लोकांनी कोणते शब्द वापरून शोध घेतला, हेही दिसते. त्या शब्दांमध्ये ‘सायकल दुरुस्ती’ असे कामाचे शोध किती आणि त्या कारागिराच्या किंवा दुकानाच्या नावाचे शोध किती, हे वेगवेगळे पाहावे. कामाच्या नावाने येणारा ग्राहक कोणाकडेही जाऊ शकतो. व्यक्तीच्या नावाने शोधणारा कोणाकडून तरी ऐकून आलेला असतो. दुसऱ्या प्रकारचे शोध महिन्यागणिक वाढत असतील, तर ब्रँड उभा राहतो आहे हे समजण्यासाठी वेगळ्या सल्लागाराची गरज पडत नाही. अनुयायांच्या संख्येपेक्षा हा आकडा कितीतरी अधिक बोलका आहे.

आता मर्यादांविषयी. प्रोफाइल मालकाच्या नावावर दिसत असले तरी जागा गूगलची आहे. नियमभंगाच्या संशयावरून ते स्थगित होऊ शकते आणि दाद मागून ते परत मिळेपर्यंत व्यवसाय शोधात दिसेनासा होऊ शकतो. सोयीही कायमच्या नसतात. प्रोफाइलच्या माहितीवरून मोफत संकेतस्थळ तयार करून देण्याची सोय पूर्वी होती. तशी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ग्राहकाशी प्रोफाइलमधूनच संदेशांद्वारे बोलण्याची सोय ३१ जुलै २०२४ रोजी संपली. ज्यांनी तेच आपले एकमेव संकेतस्थळ आणि तीच आपली ग्राहकांची वही मानली होती, त्यांना दुसरी व्यवस्था शोधावी लागली. गूगलने पूर्वसूचना दिली होती आणि मोफत सेवेत बदल करण्याचा अधिकार त्यांना आहेच. प्रश्न आपण त्या सेवेवर किती भार टाकतो, हा आहे.

मालकीचा आणखी एक पैलू घरच्या घरी सांभाळता येण्यासारखा असूनही बहुतेकांकडून निसटतो. प्रोफाइलवर मुख्य मालक, मालक आणि व्यवस्थापक असे वेगवेगळे अधिकार असतात. एखाद्या संस्थेकडून किंवा ओळखीच्या मुलाकडून प्रोफाइल तयार करून घेतले जाते, ते त्याच्याच खात्यावर उघडले जाते आणि संबंध संपल्यावर स्वतःच्याच नावाच्या प्रोफाइलमध्ये मालकाला शिरकाव उरत नाही. मुख्य मालक हा अधिकार व्यावसायिकाच्या स्वतःच्या खात्याकडेच असावा आणि मदत करणाऱ्याला व्यवस्थापक म्हणून जोडावे. नव्याने जोडलेल्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला पहिले ७ दिवस काही ठरावीक अधिकार वापरता येत नाहीत, हे ध्यानात घेऊन हस्तांतर घाईच्या वेळी न करता निवांतपणे करावे.

या सर्वांचा विचार करता प्रत्यक्ष भेटीतून काम करणाऱ्या प्रत्येक लहान व्यावसायिकाने हे प्रोफाइल जरूर घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. त्याच्या जोडीला मात्र स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, त्यावर एखादे साधे पान आणि ग्राहकांच्या संमतीने ठेवलेली त्यांच्या संपर्काची स्वतःची नोंद असावी. गूगल टेकआउट या सोयीतून प्रोफाइलमधील माहितीची प्रत उतरवून घेता येते, तीही वेळोवेळी घेऊन ठेवावी. आणि प्रोफाइलवर संकेतस्थळाचा जो रकाना असतो, त्यात एखाद्या समाजमाध्यमावरील पानाचा दुवा न देता आपल्या डोमेनचाच पत्ता द्यावा. समाजमाध्यमांच्या दुव्यांसाठी वेगळे रकाने आहेत.